आधी मापाची टेप, मग पाकीट: संगणकावरची संगीतव्यवस्था कमी खर्चात कशी सुधारावी

संगणकावरून गाणी ऐकणाऱ्या घरात सुधारणेचा पहिला पैसा बहुधा चुकीच्या टोकाला जातो. नवा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) येतो, जाड वायर येते, महागडं प्लेअर सॉफ्टवेअर येतं, आणि स्पीकर मात्र तसेच उभे: एक मॉनिटरच्या मागे, दुसरा पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी. खरं तर या साखळीत संगणकाइतका निर्दोष भाग दुसरा नाही. फाइलमधले आकडे तो चोख वाचतो. आवाज बिघडतो तो त्यानंतर, स्पीकरमध्ये आणि त्याहून जास्त खोलीत. साध्या डॅकची विकृती (मूळ आवाजात होणारी भेसळ) ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. चांगल्या स्पीकरचीही खालच्या स्वरांत १ टक्क्याच्या वर सहज जाते. आणि खोली? ती एखाद्या खालच्या स्वराला १० डेसिबलने फुगवते आणि शेजारच्याला तितकंच बुडवते. म्हणून कामाचा क्रम असा: आधी जागा, मग संगणकातली सेटिंगं आणि घरघर, मग स्पीकर, मग मोजमाप करून दुरुस्ती. डॅक सगळ्यात शेवटी, तोही गरज असली तर.

जागा

टेप घ्या. दोन्ही स्पीकरच्या ट्वीटरमधलं (वरचे स्वर देणाऱ्या लहान पडद्यांमधलं) अंतर आणि प्रत्येक ट्वीटरपासून डोक्यापर्यंतचं अंतर सारखं करा. टेबलावर हे ८० सेंटीमीटर ते १ मीटर असतं, खोलीत २ ते २.५ मीटर. डावं-उजवं अंतर ५ सेंटीमीटरने जरी चुकलं तरी मध्ये उभा असायला हवा तो गायक एका बाजूला सरकतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. स्पीकर बुटका असेल तर खाली काहीतरी ठेवून उचला किंवा मागे कलता करा.

आता भिंत. स्पीकरच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज एका ठरावीक स्वरावर थेट आवाजाला खोडून काढतो. हा स्वर काढायची सोपी रीत: ८६ ला स्पीकरच्या पुढच्या पाटापासून भिंतीपर्यंतच्या अंतराने (मीटरमध्ये) भागा. १ मीटर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झला पडतो, ६० सेंटीमीटरला साधारण १४३, ३० सेंटीमीटरला साधारण २८६. वाईट अंतर हे ५० ते ८० सेंटीमीटरच्या मधलं, कारण तेव्हा खड्डा बास गिटार, तबल्याचा डग्गा आणि पुरुषी आवाजाच्या मुळाशी पडतो. खोली मोठी असेल तर स्पीकर १ मीटरच्या पुढे ओढा. लहान असेल तर उलट करा, भिंतीच्या शक्य तितके जवळ न्या. मग खड्डा वर सरकतो, आणि तिथे स्पीकरचा आवाज मागे कमी पसरत असल्याने तो उथळही होतो. भिंतीजवळ बास (खालचे स्वर) वाढेल, पण वाढलेला बास इक्वलायझरने, म्हणजे निवडक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने, कापता येतो. खड्डा भरता येत नाही. स्पीकरला मागे भोक असेल आणि आवाज फारच घुमत असेल तर त्या भोकात फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला मोजा घाला. बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्या भिंतीइतकंच ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच स्वरावर पडतात.

ऐकणाऱ्याची जागाही तितकीच महत्त्वाची. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्ये बसलात तर सर्वांत खालचा ठोका गायब होतो. ४ मीटर लांब खोलीत तो स्वर साधारण ४३ हर्ट्झचा, ३ मीटरच्या खोलीत ५७ हर्ट्झचा. पाठ भिंतीला टेकून बसलात तर तोच स्वर डोक्यावर बसतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर खुर्ची ठेवून सुरुवात करा आणि पुढे-मागे अर्ध्या फुटाने सरकवत बासची एखादी ओळखीची चाल ऐका. चालीतला प्रत्येक स्वर सारख्याच जोराने ऐकू आला की खुर्ची तिथेच ठेवा.

टेबलावर स्पीकर असणाऱ्यांची अडचण निराळी. टेबलाचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो. कान टेबलापासून ४० सेंटीमीटर वर, ट्वीटर ३० सेंटीमीटर वर आणि दोघांत ८० सेंटीमीटर अंतर असेल तर परावर्तित आवाज साधारण २६ सेंटीमीटर जास्त वाट चालून येतो आणि ६५०-६७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. गाणाऱ्याचा आवाज पोकळ वाटतो तो यामुळे. उपाय दोन: स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेला आणा, म्हणजे परावर्तनाला लाकूडच उरत नाही, किंवा टेबलामागे स्वतंत्र स्टँडवर ठेवा. स्पीकरखाली फोमच्या वड्या घातल्याने टेबलाची थरथर कमी होते, परावर्तन मात्र तसंच राहतं. या वड्या परावर्तनाचा इलाज म्हणून विकल्या जातात, तिकडे लक्ष देऊ नका.

भिंतींवरचं परावर्तन शोधायला एक माणूस आणि एक आरसा पुरे. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याने आरसा बाजूच्या भिंतीला लावून सरकवावा. आरशात स्पीकरचा ट्वीटर दिसला की तिथे खूण करा. त्या जागी १० सेंटीमीटर जाडीच्या रॉकवूलची (दगडी तंतूंच्या गादीची), ६० गुणिले १२० सेंटीमीटरची, कापडात गुंडाळलेली लाकडी चौकट टांगा. दर घनमीटरला ४० ते ६० किलो घनतेचं रॉकवूल चालतं. चौकट भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर दूर टांगली तर त्याच मालात खालचे स्वरही जास्त शोषले जातात. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. अडीच सेंटीमीटरचे टोकदार फोमचे तुकडे फक्त वरचे स्वर खातात आणि खोली मंद, तरीही घुमणारी करून ठेवतात. अंड्यांचे ट्रे तर भिंत सजवण्यापलीकडे काही करत नाहीत. चौकट बनवायची नसेल तर जाड पडदा आणि पुस्तकांनी वेडंवाकडं भरलेलं कपाट हा मधला मार्ग आहे.

संगणकातली सेटिंगं

विंडोजमध्ये आवाजाच्या उपकरणाच्या गुणधर्मांत जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट, स्पेशियल साउंड, लाउडनेस इक्वलायझेशन सगळं बंद करा. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं आवाज सुधारणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं, तेही बंद करा. इथे फरक चटकन कळतो. त्याच पानावर फॉर्मॅटमध्ये २४ बिट, ४४,१०० हर्ट्झ निवडा, कारण बहुतेक संगीत त्याच दराचं असतं. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअपमध्ये होतं. लिनक्सवर आवाज सांभाळणारं पाइपवायर मुळात ४८,००० वर चालतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमधल्या परवानगी असलेल्या दरांत ४४,१०० जोडलं की तो दर बदलू लागतो. दर जुळला नाही तरी कानाला फरक जाणवणं कठीण, त्यामुळे यात संध्याकाळ घालवू नका.

फूबार २००० सारखा प्लेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट डॅकशी बोलू शकतो. त्याला एक्सक्लुझिव्ह मोड म्हणतात. फायदा असा की सूचनांचे टिंग-टिंग आवाज मध्ये घुसत नाहीत. तोटा असा की पुढे सांगितलेला इक्वलायझर एपीओ (विंडोजवरचा इक्वलायझर) या मोडमध्ये चालतच नाही. दोन्हीपैकी एक निवडायचं असेल तर इक्वलायझर निवडा.

आवाज कुठे कमी करायचा हा प्रश्न नेहमी येतो. २४ बिटच्या डॅकला १६ बिटचं गाणं दिलं तर खाली ८ बिट मोकळे राहतात, म्हणजे साधारण ४८ डेसिबलची जागा. संगणकावर १० ते १५ डेसिबल आवाज उतरवल्याने काही बिघडत नाही. उलट अ‍ॅम्पचं (स्पीकरला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचं) बटण अगदी सुरुवातीलाच थांबवावं लागत असेल तर मुद्दाम संगणकावर उतरवा, कारण स्वस्त व्हॉल्यूम पॉट (बटणामागचा फिरता रोध) सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा सारखा देत नाही. बटण मध्यावर आलं की दोन्ही बाजू जुळतात.

मध्येच टक-टक होत असेल किंवा आवाज तुटत असेल तर यूएसबी हब काढून डॅक थेट मागच्या पोर्टला लावा, पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि प्लेअरमधला बफर (आवाजाचा आगाऊ साठा) वाढवा. तरी थांबलं नाही तर लेटन्सीमॉन चालवून कोणता ड्रायव्हर अडवतोय ते बघा. बऱ्याचदा वायफायचा निघतो.

घरघर आणि सळसळ

सगळी जोडणी झाल्यावर अ‍ॅम्पमधून ५० किंवा ६० हर्ट्झची, किंवा तिच्या दुप्पट स्वराची, संथ घरघर येत असेल तर तो ग्राउंड लूप. माउस हलवला की सळसळ होणं हाही त्याच घराण्यातला दोष. संगणक आणि अ‍ॅम्प दोघेही अर्थिंगला जोडलेले असतात आणि सिग्नलच्या केबलची जाळी त्यांना दुसऱ्या वाटेने जोडते. या वेढ्यात वाहणारा प्रवाह आवाजात मिसळतो. निदान असं करा:

१. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. घरघर गेली तर दोषी चार्जरची वाट.
२. मॉनिटर किंवा टीव्हीची एचडीएमआय केबल काढून बघा. टीव्हीला अँटेना किंवा केबलची वायर असेल तर तीही. गुन्हेगार इथे अनेकदा सापडतो आणि तो शेवटी आठवतो.
३. संगणक, मॉनिटर, अ‍ॅम्प सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या.
४. समोरच्या पॅनेलचा हेडफोन जॅक वापरत असाल तर मागचा वापरा. समोरच्या जॅकपर्यंतची वायर संगणकाच्या पोटातून, गोंगाटाच्या शेजारून येते.

एवढ्याने थांबलं नाही तर डॅकला ऑप्टिकल केबल जोडा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, विजेचा वेढा तुटतो. ऑप्टिकल नसेल तर सिग्नलच्या वाटेवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. स्वस्त ट्रान्सफॉर्मर बासमध्ये विकृती आणतो, हे मात्र गृहीत धरा. स्वस्त यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण त्यांतले बरेच १२ मेगाबिटवरच चालतात, म्हणजे २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या वर जात नाहीत आणि काही डॅक त्यांच्यावर सुरूच होत नाहीत. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरला (ज्याच्या आतच अ‍ॅम्प असतो) बॅलन्स्ड, म्हणजे एकच सिग्नल दोन तारांनी सुलटा-उलटा घेणारं, इनपुट असेल तर बॅलन्स्ड आउटपुटचा डॅक आणि तीन जोडण्यांची टीआरएस केबल हा कायमचा इलाज. प्लगची अर्थिंगची पिन तोडणं हा इलाज नव्हे. उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या खोक्यात वीज उतरते आणि तिला जायला वाट राहत नाही.

स्पीकर, अ‍ॅम्प आणि वायर

पैसे खर्चायची खरी जागा ही. कमी पैशात सर्वांत मोठी उडी वापरलेल्या बुकशेल्फ (कपाटात मावणाऱ्या लहान) स्पीकरमध्ये मिळते. घेण्याआधी पुढचं झाकण काढा. कोनच्या (हलणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. तो भुसभुशीत होऊन गळत असेल तर नवी कडा चिकटवावी लागेल. फोमच्या कडा १५-२० वर्षांत जातात, रबराच्या बऱ्याच जास्त टिकतात. कोन सर्व बोटांनी सारखा दाबून सरळ आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कोनमागची तारेची कॉइल वाकलेली आहे, स्पीकर परत ठेवा. मल्टिमीटरने ८ ओहमच्या स्पीकरचा रोध ५.५ ते ७ ओहमच्या मध्ये यायला हवा, आणि दोन्ही स्पीकरचा जवळजवळ सारखा. अडीच-तीन दशकं जुन्या स्पीकरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. तितक्याच मायक्रोफॅरडचे नॉन-पोलर कपॅसिटर टाकले की ट्वीटर पुन्हा बोलू लागतो.

वॅटच्या आकड्यांनी भुलू नका. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो. २० वॅटला त्यात १३ डेसिबल वाढतात. अडीच मीटरवर साधारण ८ घटतात आणि दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत येतात. म्हणजे खुर्चीपाशी ९४ डेसिबलची शिखरं मिळतात, घरात ऐकायला भरपूर. ४० वॅट घेतले तर त्यात फक्त ३ डेसिबलची भर.

लहान क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या रचनेचे) अ‍ॅम्प या कामाला पुरतात. त्यांची एक खोड अशी की आउटपुटची उणे बाजू ग्राउंड नसते. दोन्ही चॅनेलच्या उणे वायरी एकत्र जोडल्या किंवा त्या सबवूफरच्या (फक्त बास देणाऱ्या स्पीकरच्या) ग्राउंडला लागल्या तर चिप जळू शकते. सोबत येणारा अडॅप्टर कितीचा आहे तेही बघा. २४ व्होल्ट, २ अँपिअरच्या अडॅप्टरवर ‘१०० वॅट’ लिहिलेला अ‍ॅम्प ४८ वॅटपेक्षा जास्त आणणार कुठून? जुना अ‍ॅम्प घेत असाल तर स्पीकर न जोडता त्याच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर ठीक, १०० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती. बटण फिरवताना खरखर येते ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

वायर साधी तांब्याची, दोन पदरी घ्या. ५ मीटरच्या जोडणीत जाण्या-येण्याचे १० मीटर धरले तर १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध ०.१२ ओहमच्या आत राहतो. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत चालतं, त्यामुळे याहून जाड वायरला कारण नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर मात्र त्याच जाडीला दीडपटीच्या आसपास रोध देते, तेव्हा टोक खरवडून आतला रंग बघा. जोडून झाल्यावर ध्रुव तपासा. मोनो आवाज लावा. गायक मध्ये न राहता डोक्याभोवती पसरला आणि बास पातळ झाला तर एका स्पीकरच्या दोन वायरी उलटा.

मोजमाप आणि इक्वलायझर

मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन, जसा मिनीडीएसपीचा यूमिक-१, ही या सगळ्यातली एकमेव खरेदी अशी की ती पुढच्या दहा खरेद्या टाळते. प्रत्येक माइकसोबत त्याच्या क्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल मिळते. फोनच्या माइकवर खालच्या स्वरांसाठी भरवसा ठेवू नका, तो बोलणं टिपायला बनवलेला असतो. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पद्धत अशी:

माइक स्टँडवर, डोकं जिथे असतं तिथे. छताकडे रोखला असेल तर ९० अंशांची कॅलिब्रेशन फाइल, स्पीकरकडे रोखला असेल तर ० अंशांची. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास ठेवा. आधी डावा, मग उजवा स्पीकर, २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा स्वर). मग माइक २०-३० सेंटीमीटर इकडे-तिकडे हलवून प्रत्येकी पाच-सहा मोजण्या घ्या आणि त्यांची सरासरी काढा. एकाच बिंदूची मोजणी धरून दुरुस्त केलेला आवाज मान हलवली की बिघडतो.

आलेखात ३०० हर्ट्झच्या खाली उंच सुळके आणि खोल दऱ्या दिसतील. सुळकेच कापायचे. ईक्यूच्या खिडकीत दुरुस्तीचा पट्टा ३० ते ३०० हर्ट्झ ठेवा आणि कमाल वाढ ० डेसिबल. दरी ही परावर्तनाने खोडलेली जागा असते. तिथे १० डेसिबल वाढवले तर परावर्तनही तितकंच वाढतं, दरी जशीच्या तशी राहते आणि अ‍ॅम्पवर दहापट ताकदीचा भार पडतो. दरीवरचा इलाज खुर्ची किंवा स्पीकर सरकवणं हाच. ३०० च्या वर खोलीपेक्षा स्पीकरची चाल जास्त दिसते, तिथे रुंद आणि हलका हात फिरवा किंवा फिरवूच नका. खुर्चीपाशी संपूर्ण सपाट रेष आणली तर आवाज कोरडा आणि टोचरा वाटतो. १०० हर्ट्झच्या खाली ४ ते ६ डेसिबलचा उंचवटा राहू द्या.

फिल्टर मजकुराच्या फाइलमध्ये निर्यात करा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ ती फाइल थेट वाचतो, डाव्या-उजव्यासाठी वेगवेगळी देता येते. लिनक्सवर इझीइफेक्ट्स, लिनक्स आणि मॅक दोन्हींवर कॅमिलाडीएसपी. कुठेही वाढ दिली असेल तर प्रीअ‍ॅम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) तितकाच खाली आणा, नाहीतर मोठ्या स्वरांवर आवाज फाटतो. ड्रायव्हर अद्ययावत झाला की एपीओ कधी कधी निसटतो. एके दिवशी बास पुन्हा घुमू लागला तर त्याच्या उपकरण निवडण्याच्या खिडकीत जाऊन टिक परत लावा.

सबवूफर यानंतर. क्रॉसओव्हर (ज्या स्वराखालचं काम सबवूफरकडे जातं तो) ८० हर्ट्झ धरा. त्याची जागा शोधायला सब तात्पुरता खुर्चीवर ठेवून बास वाजवा आणि भिंतीकडेने जमिनीवर रांगत ऐका. जिथे बास सर्वांत सपाट, ती सबची जागा. मग ८० हर्ट्झचा स्वर लावून फेजचं बटण (सबच्या लाटेची वेळ पुढे-मागे करणारं) फिरवा आणि जिथे आवाज सर्वांत मोठा तिथे सोडा.

फाइली आणि शेवटी डॅक

सीडीवरून काढलेलं संगीत फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवा. मूळच्या १,४११ किलोबिटचं ओझं बहुतेकदा साधारण निम्म्यावर येतं आणि एकही बिट हरवत नाही. सीडी काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, ते इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून चूक दाखवतं. एमपी३ ३२० चा संग्रह असेल तर तो पुन्हा जमवायची घाई नको. एमपी३ चं फ्लॅक करण्यात तर फक्त जागा जाते. गाण्यागणिक आवाज वर-खाली होत असेल तर प्लेअरमध्ये रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) लावा.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक एखाद्या कॉलसाठी सुरू झाला की संगीत टेलिफोनसारखं मोनो होतं. सेटिंगमध्ये हँड्स-फ्री उपकरण बंद केलं की थांबतं.

डॅकची गरज कधी? मदरबोर्डच्या जॅकमधून शांततेतही सळसळ येत असेल, ऑप्टिकलची वाट हवी असेल, किंवा हेडफोन कमी रोधाचा असेल आणि जॅकचा स्वतःचा रोध जास्त. हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा जॅकचा रोध कमी हवा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. एवढ्यासाठी लहानसा यूएसबी डोंगलही पुरतो. अ‍ॅपलच्या यूएसबी-सी अडॅप्टरचा रोध १ ओहमच्या आत आहे. मात्र युरोपातल्या आवृत्तीचा आवाज मर्यादित ठेवलेला असतो.

जुना-नवा डॅक ताडून पाहताना आधी आवाज जुळवा. अ‍ॅम्पच्या बटणाला हात न लावता दोघांवरून ४०० हर्ट्झचा स्वर वाजवा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि संगणकावरून २ टक्क्यांच्या आत आणा. तेवढं न केल्यास जो किंचित मोठा, तोच कानाला चांगला वाटतो. मग दुसऱ्या कुणालातरी न सांगता केबल बदलायला सांगा. वीसपैकी किमान पंधरा वेळा बरोबर ओळखता आलं तरच परतीची मुदत संपू द्या.